दाफ्फिनीबाईंच्या नावावर खपणारी गोष्ट

दर वर्षी 25 एप्रिलच्या, म्हणजे इटलीच्या मुक्तिदिनाच्या आसपास एक पोस्ट पुन्हा डोकं वर काढते. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले होते आणि 'वापस जाओ' हे बेला चाओच्या चालीवरचं गाणं सगळीकडे वाजत होतं, तेव्हा तर ती दिवसातून चारदा यायची. मजकुरात इकडेतिकडे फरक असतो, पण गाभा असा:

"'बेला चाओ' हे मनी हाइस्टचं गाणं नाही! ते शंभर वर्षांहून जुनं आहे. उत्तर इटलीत भातलावणी करणाऱ्या मजूर बायकांनी ते 1906 साली जमीनदारांविरुद्ध रचलं. जोव्हान्ना दाफ्फिनी नावाच्या एका अडाणी शेतमजूर बाईने ते जपून ठेवलं. 1962 मध्ये तिच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित झालं, हाच पुरावा. पुढे फॅसिस्टांशी लढणाऱ्या पार्टिझानांनी बायकांचं हे गाणं उचललं, शब्द बदलले आणि ते साऱ्या प्रतिकारलढ्याचं गीत झालं. गाणं कुणाचं? कुणाचंच नाही, म्हणून सगळ्यांचं!"

सोबत फोटो: गुडघाभर पाण्यात उभी असलेली, आखूड चड्डी आणि काळे मोजे घातलेली एक तरुणी.

आधी कबुली देतो. ही पोस्ट मीही पुढे ढकलली आहे, एकदा नव्हे दोनदा. वाचायला छान वाटते, कष्टकरी बायकांच्या बाजूची वाटते, आणि आपण वेबमालिका बघणाऱ्यांपेक्षा दोन पायऱ्या वर आहोत असंही वाटून जातं. नंतर दाफ्फिनीबाईंच्या इतर ध्वनिमुद्रिका ऐकायला लागलो, त्यांच्याविषयी वाचत गेलो, आणि पहिलं वाक्य सोडलं तर पोस्टमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य डुगडुगायला लागलं. पहिलं वाक्य मात्र बरोबर आहे. गाणं त्या मालिकेचं नाही. मालिका 2017 ची. गाणं त्याच्या कितीतरी आधी जगभर पोचलं होतं.

आता एकेक वाक्य घेऊ.

"भातलावणी करणाऱ्या मजूर बायकांनी..."

किरकोळ वाटेल, पण इथूनच सुरुवात करतो, कारण भात म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही. या बायकांना इटालियनमध्ये 'मोंदीने' म्हणतात, एकीला 'मोंदीना'. शब्द आला आहे तो सोलणं-निवडणं-साफ करणं या अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणजे हे काम मुळात तण काढण्याचं. कोकणात त्याला बेणणी म्हणतील, घाटावर भांगलण, विदर्भात निंदण. पो नदीच्या खोऱ्यात, व्हेर्चेल्ली, नोव्हारा आणि लोमेल्लीना या पट्ट्यात, पूर्वी भात थेट पाणी भरलेल्या खाचरात पेरत. पिकाबरोबर तणही माजे आणि ते हातानेच उपटावं लागे. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, साधारण चाळीस दिवस. रोपं लावण्याचं काम नंतरच्या काळात त्याला जोडलं गेलं, पण नाव पडलं ते तणावरूनच.

एमिल्या, व्हेनेतो, लोम्बार्दी या भागांतून बायका आगगाड्या भरभरून तिकडे जात. दिवसभर पाय पाण्यात, पाठ वाकलेली, डोक्यावर रुंद टोपी, तोंडावर डासांसाठी फडकं. रात्री एका लांबलचक कोठीत पेंढ्यावर निजायचं. जेवायला भात आणि घेवडा. मजुरी रोख, शिवाय दर दिवसामागे किलोभर तांदूळ. चाळीस दिवस भरले की चाळीस किलो तांदळाचं पोतं घरी. हिवाळ्यात त्या पोत्यावर घर चालायचं. पुढे तणनाशकं आली, यंत्रं आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम संपलं.

जोव्हान्ना दाफ्फिनी या कामावर गेल्या होत्या, हे खरं आहे. त्याविषयी वाद नाही. वाद पुढे आहे.

"1906 साली रचलं..."

1906 हे साल हवेतून आलेलं नाही. त्या साली व्हेर्चेल्लीच्या मोंदीनेंनी खरंच मोठा लढा दिला, आणि आठ तासांचा दिवस मिळवला. मोदेस्तो कुन्योलियो नावाचा समाजवादी वकील त्यांच्या बाजूने उभा होता. इटलीत बाकीच्या कामगारांना आठ तास मिळायला अजून बरीच वर्षं जायची होती. म्हणजे ही घटना शाळेच्या पुस्तकात असायला हवी अशी. आणि त्या लढ्याचं गाणंही आहे: 'आठ तास तुम्हाला थोडे वाटत असतील, तर या, तुम्हीच राबून बघा' असं मालकांना सुनावणारं. ते गाणं दाफ्फिनीबाईंनी गायलेलं आहे, आणि काय गायलेलं आहे!

पण ते बेला चाओ नव्हे. बेला चाओचे मोंदीनेवाले शब्द, म्हणजे सकाळी उठून खाचरात जावं लागतं, डास आणि किडे चावतात, मुकादम काठी घेऊन उभा आणि आम्ही वाकून कामाला, हे शब्द 1906 मध्ये किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कधीही कुणी छापल्याचा, लिहून ठेवल्याचा किंवा ध्वनिमुद्रित केल्याचा एकही कागद, एकही तबकडी आजवर पुढे आलेली नाही. माझा अंदाज असा की आठ तासांच्या गाण्याचं साल बेला चाओला चिकटलं. दोन्ही मोंदीनेंची, दोन्ही दाफ्फिनीबाईंच्या आवाजातली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एवढं पुरतं.

"1962 मध्ये तिच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित झालं, हाच पुरावा."

हे वाक्य सगळ्या पोस्टचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

1962 मध्ये रोबेर्तो लेयदी आणि जान्नी बोझ्यो हे दोघे ग्वाल्तिएरीला आले. ग्वाल्तिएरी म्हणजे रेज्जो एमिल्या प्रांतातलं, पो नदीकाठचं छोटं गाव, दाफ्फिनीबाई राहत ते. (चित्रकार अंतोनियो लिगाबुए याच गावात राहिला आणि 1965 मध्ये वारला. एवढ्याशा गावात लिगाबुए आणि दाफ्फिनीबाई एकाच वेळी.) लेयदी लोकसंगीताचे अभ्यासक, बोझ्यो इतिहासकार आणि प्रकाशक. लढ्यांची, कामाची, तुरुंगाची, युद्धाला शिव्या घालणारी गाणी गोळा करायची आणि ती रंगमंचावर, तबकड्यांवर परत लोकांपुढे आणायची, यासाठी त्यांनी 'नुओव्हो कान्झोनियेरे इतालियानो' नावाची चळवळ चालवली होती. टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडणारी ही मंडळी.

त्यांना दाफ्फिनीबाई भेटल्या आणि बाईंनी बेला चाओ गायलं. पण शब्द पार्टिझानांचे नव्हते, खाचरातले होते. खाचरात काम करताना हे आपण युद्धाच्या आधी म्हणत होतो, असं बाईंनी सांगितलं. अभ्यासकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. एक सबंध साखळी त्यांच्या हातात आपसूक आली: आधी कष्टकरी बायकांचं गाणं, त्यातून प्रतिकाराचं गाणं. राजकारण आणि लोकसंगीत एकाच चालीत. इतकी सुंदर साखळी सापडली की माणूस कड्या तपासायला जरा उशीर करतो. मीही केला असता.

1964 च्या जूनमध्ये स्पोलेतोच्या महोत्सवात 'बेला चाओ' याच नावाचा कार्यक्रम झाला. दिग्दर्शन फिलिप्पो क्रिव्हेल्ली यांचं. जोव्हान्ना मारीनी, कातेरीना बुएनो, सांद्रा मांतोव्हानी, मिकेले स्त्रानियेरो आणि आमच्या दाफ्फिनीबाई, असे सगळे त्यात होते. मोंदीनेंचं रूप आणि पार्टिझानांचं रूप कार्यक्रमात शेजारी-शेजारी ठेवलं होतं. त्या कार्यक्रमात एक भडकाही उडाला. स्त्रानियेरोने पहिल्या महायुद्धातल्या गोरीत्सियाच्या लढाईवरचं गाणं म्हटलं आणि त्यात अधिकाऱ्यांना गद्दार म्हणणारं कडवं घेतलं. प्रेक्षकांत आरडाओरडा, पुढे सैन्याच्या बेअदबीची तक्रार, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. त्या गदारोळामुळे कार्यक्रम देशभर गाजला, त्याची तबकडी निघाली, आणि तबकडीबरोबर 'आधी मोंदीने, मग पार्टिझान' ही कथाही घराघरात गेली.

आणि मग 1965 मध्ये एक पत्र आलं.

पत्र लिहिणारा व्हास्को स्कान्सानी. राहणारा कुठला? ग्वाल्तिएरीचाच. दाफ्फिनीबाईंचा गाववाला. त्याने 'लुनिता' या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाला लिहिलं की हे खाचरातले शब्द माझे आहेत, 1951 मध्ये मोंदीनेंच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी मी ते लिहिले, पार्टिझानांच्या गाण्याच्या चालीवर. बाईंनी ते माझ्याकडून घेतले.

पुढे विचारपूस झाली, चेझारे बेरमानी या इतिहासकाराने हा सगळा गुंता अनेक वर्षं सोडवत नेला, आणि स्कान्सानीचं म्हणणं टिकलं. म्हणजे क्रम उलटा झाला. पार्टिझानांचं गाणं आधी, मोंदीनेंचं नंतर. ध्वनिमुद्रण 1962 चं आहे यावरून एवढंच सिद्ध होतं की 1962 मध्ये ते गाणं होतं. टेपवर आवाज येतो, त्या आवाजाने शब्द कधी उचलले याची तारीख टेपवर येत नाही.

मग बाई खोटं बोलल्या का? हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि त्यातला सूर मला आवडत नाही. समोर शहरातून आलेले दोन शिकलेले पुरुष बसले आहेत, त्यांना 'जुनं' हवं आहे हे त्यांच्या प्रत्येक प्रश्नातून कळतं आहे. बाई आयुष्यभर लग्नांत आणि जत्रांत गात आलेल्या आहेत. समोरच्याला काय ऐकायचं आहे हे ओळखणं हा त्या धंद्यातला पहिला धडा. शिवाय खाचरात त्या खरोखर राबल्या होत्या, तिथे खरोखर गायल्या होत्या. एक गाणं चुकीच्या दशकात जाऊन बसलं. आपल्यापैकी किती जण कोणतं गाणं शाळेत शिकलो आणि कोणतं नंतर, हे शपथेवर सांगू शकतील?

"पार्टिझानांनी बायकांचं गाणं उचललं, शब्द बदलले..."

वरच्या पत्राने हे वाक्य पडलंच, पण पत्र बाजूला ठेवलं तरी गाण्याच्या पोटातच पुरावा आहे. पार्टिझानांच्या गाण्याचा शेवट आठवा: मला डोंगरावर पुरा, एका सुंदर फुलाच्या सावलीत, येणारे-जाणारे म्हणतील काय सुंदर फूल, आणि हे फूल स्वातंत्र्यासाठी मेलेल्या पार्टिझानाचं. मोंदीनेंच्या रूपात हे फूल नाही, थडगं नाही, वाटसरू नाहीत. मग ते आलं कुठून?

ते आलं एका जुन्या प्रेमगीतातून. कोस्तान्तिनो नीग्रा यांनी 1888 मध्ये पिएमोन्तेच्या लोकगीतांचा मोठा संग्रह छापला, त्यात 'थडग्यावरचं फूल' हे गीत आहे. प्रेमात मरायला निघालेली मुलगी, तिचं थडगं, त्यावरचं फूल, आणि वाटसरू म्हणतात की ही प्रेमापायी मेली. पार्टिझानांनी 'प्रेमा'च्या जागी 'स्वातंत्र्य' ठेवलं. 'आज सकाळी मी उठले' अशी सुरुवातही याच गीताच्या लोकांत फिरणाऱ्या रूपांमध्ये सापडते. टाळ्यांचा ठेका आणि त्या ठेक्यावर येणारे 'चाओ, चाओ, चाओ' यांचं नातं लेयदींनी मुलांच्या टाळ्या वाजवत खेळायच्या गाण्याशी जोडलं, ज्याच्या मागे झोपेचं औषध पाजण्याची एक जुनी कथागीतपरंपरा आहे. म्हणजे उचललं असेल तर मुलींच्या विरहगीतातून आणि पोरांच्या खेळातून. खाचरातून नव्हे. पोस्टवाल्याला बायकांना श्रेय द्यायचंच असेल, तर घरोघर ती विरहगीतं म्हणणाऱ्या बायका तिथे आहेतच.

न्यूयॉर्कमध्ये 1919 साली मिश्का झिगानोफ नावाच्या अकॉर्डियनवादकाने 'कोइलेन' नावाची एक यिडिश चाल ध्वनिमुद्रित केली, तिचे सुरुवातीचे सूर बेला चाओसारखे आहेत, म्हणून 'मुळात हे ज्यूंचं गाणं' अशीही एक पोस्ट फिरते. साम्य आहे. पण चार सूर सारखे असणं आणि बाप-लेकाचं नातं असणं यांत फरक असतो. एवढं पुरे.

"...आणि ते साऱ्या प्रतिकारलढ्याचं गीत झालं."

झालं, पण लढा संपल्यावर. 1943 ते 1945 मध्ये डोंगरात सगळ्यांत जास्त गायलं जाणारं गाणं दुसरं होतं, 'फिस्किया इल व्हेन्तो', म्हणजे 'वारा शीळ घालतो'. ते लिहिलं फेलीचे काशोने या तरुण डॉक्टरने, मात्व्हेय ब्लान्तेर या रशियन संगीतकाराच्या 'कात्युशा'च्या चालीवर. काशोने 1944 च्या जानेवारीत मारला गेला. बेला चाओ तेव्हा काही तुकड्यांत होतं. आब्रुत्सोमधली मायेल्ला ब्रिगेड ते म्हणत असे, एमिल्यातल्या काही तुकड्यांतही त्याचे दाखले आहेत. सगळीकडे मात्र नव्हतं.

आता इथे दुसऱ्या टोकाची पोस्टही येते: 'पार्टिझानांनी हे गाणं कधी गायलंच नाही, सगळं नंतर रचलेलं नाटक.' तिला आधार म्हणून पत्रकार जॉर्जो बोक्का यांचं म्हणणं दिलं जातं. बोक्का स्वतः पिएमोन्तेच्या डोंगरात लढले होते, आणि वीस महिन्यांत हे गाणं एकदाही कानावर पडलं नाही, ते स्पोलेतोच्या महोत्सवाने जन्माला घातलं, असं त्यांनी म्हटलं. त्यांच्या कानांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते कान पिएमोन्तेत होते. आब्रुत्सोत काय चाललं होतं ते तिथून ऐकू येणार नाही. आणि स्पोलेतोचं म्हणाल तर 1964 च्या आधी गाणं छापून आलेलं होतं. आल्बेर्तो मारियो चिरेझे यांच्या 'ला लापा' या नियतकालिकात 1953 मध्ये त्याचे शब्द आले. 1947 मध्ये प्रागला जगभरच्या तरुणांचा महोत्सव भरला, तिथे इटालियन मुलामुलींनी टाळ्या वाजवत ते म्हटलं आणि ते सीमा ओलांडून गेलं. टस्कनीत जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये मोठ्या झालेल्या ईव्ह मोंताँने ते साठीच्या दशकाच्या सुरुवातीला गायलं, तेव्हा ते पॅरिसच्या रेडिओवरही पोचलं.

'वारा शीळ घालतो' मागे का पडलं आणि हे पुढे का आलं, याचं उत्तर शब्दांत आहे. त्या गाण्यात लाल वसंत आहे, उद्याचा सूर्य आहे, चाल रशियन आहे. शीतयुद्धाच्या इटलीत ते म्हणायला कम्युनिस्टच हवेत. बेला चाओमध्ये आक्रमक आहे, फूल आहे आणि स्वातंत्र्य आहे. चर्चला जाणाराही म्हणू शकतो, समाजवादीही म्हणू शकतो. 25 एप्रिलच्या व्यासपीठावर सगळ्या पक्षांना शेजारी उभं राहायचं असेल तर कोणतं गाणं निवडतील?

"अडाणी शेतमजूर बाई..."

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतं. पोस्टवाल्याचा हेतू गौरवाचाच असणार. पण ऐका, ही बाई कोण होती.

जन्म 22 एप्रिल 1914, मान्तोव्हा प्रांतातल्या मोत्तेज्जाना गावाजवळचं व्हिल्ला साव्हिओला. वडील व्हायोलिनवादक, लग्नांत आणि सणासमारंभांत वाजवणारे, आणि ही मुलगी लहानपणापासून त्यांच्याबरोबर. गिटार शिकली. खाचरातलं काम सुरू झालं ते कोवळ्या वयात, पण गाणं त्याच्याही आधीचं. 1936 मध्ये लग्न झालं व्हित्तोरियो कार्पी यांच्याशी. तेही व्हायोलिनवादक, आणि सान्ता व्हित्तोरियाचे. हे ग्वाल्तिएरीच्या हद्दीतलं गाव इटलीत 'शंभर व्हायोलिनांचं गाव' म्हणून ओळखलं जातं. दिवसा दुसऱ्याच्या शेतात फावडं मारणारे मजूर रात्री पोल्का, माझुर्का, वॉल्ट्झ वाजवणारे. एकेका घराण्याचे वाद्यवृंद होते तिथे.

म्हणजे वडील व्हायोलिन, नवरा व्हायोलिन, स्वतः गिटार आणि गळा. नवरा-बायको जोडीने गावोगाव जायचे, लग्नांत, जत्रांत, बाजारात गायचे-वाजवायचे, त्याचे पैसे घ्यायचे. इटलीत अशा गाणाऱ्यांना 'कान्तास्तोरिए' म्हणतात, गोष्टी गाणारे. ती उपजीविका होती, विद्या होती. सांगण्याची गोष्ट अशी की 1962 मध्ये लेयदी-बोझ्यो आले तेव्हा बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यामागे चाळीसेक वर्षांचा रियाज होता. त्यांना कुणी 'शोधलं' नाही. पो नदीच्या काठावर त्या सगळ्यांना माहीत होत्या, मिलानला माहीत नव्हत्या इतकंच.

त्यांचा आवाज ऐकला की अडाणी हा शब्द तोंडात येत नाही. गोड आवाज नव्हे. उघडा, किंचित खरखरीत, बाजारातल्या गोंगाटावरून पलीकडे जाणारा. ध्वनिक्षेपक नसताना कमावलेला. कडव्याच्या शेवटचा सूर त्या ओढतात तेव्हा तो मऊ पडत नाही, उलट धार लागते. मारीनी, बुएनो या स्पोलेतोतल्या तरुण मुली शहरातून लोकसंगीताकडे आलेल्या होत्या, अभ्यास करून. दाफ्फिनीबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून गायच्या आणि त्या मुलींना समोर जिवंत पाठ मिळायचा.

आणि नुसती मोंदीनेंची गाणी नव्हेत. जुनी कथागीतं होती, तुरुंगाची होती, प्रेमाची होती. 'सियूर पाद्रून' म्हणजे 'पांढऱ्या विजारवाल्या मालका', ज्यात बायका मालकाला म्हणतात की पैसे काढ, आम्हाला घरी जायचं आहे. ते हंगामाच्या शेवटी म्हणायचं गाणं. 18 एप्रिल 1948 च्या निवडणुकीवरचंही एक होतं, ख्रिस्ती लोकशाही पक्षाला मत देणाऱ्यांना 'आठवतंय ना?' असं विचारणारं. ते लान्फ्रांको बेल्लोत्ती यांनी लिहिलेलं. म्हणजे ताज्या राजकारणावरचं, नाव असलेल्या माणसाने रचलेलं गाणंही बाईंना चालायचं. त्यांना जुनं-नवं असा भेद नव्हता, चांगलं गाणं आणि वाईट गाणं असा होता. आपल्याकडच्या शाहिराला विचारा, तो कालच्या निवडणुकीवरही पोवाडा करील आणि सिंहगडावरही गाईल, आणि शेवटी आपलं नाव ठोकून देईल. तसंच.

स्पोलेतोनंतर 1966 मध्ये नाटककार दारियो फो यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ची राजोनो ए कान्तो' या गाण्यांच्या कार्यक्रमातही त्या गायल्या. फो यांना नोबेल मिळालं 1997 मध्ये. दाफ्फिनीबाई त्यांच्या कार्यक्रमात होत्या त्याच्या तीस वर्षांहून अधिक आधी. 1967 मध्ये त्यांची स्वतःची तबकडी आली, 'एक आवाज, एक गाव' अशा अर्थाच्या नावाची. 7 जुलै 1969 रोजी ग्वाल्तिएरीत त्या वारल्या. पंचावन्न वर्षांच्या. म्हणजे मोठ्या रंगमंचावर त्यांना मिळाली जेमतेम पाच वर्षं. मोत्तेज्जानात आज कान्तास्तोरिएंच्या कलेसाठी त्यांच्या नावाचं संग्रहालय-दप्तर आहे आणि नव्या कथागीतांची स्पर्धाही त्यांच्या नावाने होते. नव्या, बरं का. जुन्या नव्हे.

"गाणं कुणाचं? कुणाचंच नाही..."

मोंदीनेंच्या शब्दांपुरतं बोलायचं तर ते एका माणसाचे आहेत, त्याचं नाव व्हास्को स्कान्सानी. त्याने पत्र लिहून ते मागितलं. आपण 'निनावी लोकगीत, किती सुंदर' म्हणत राहिलो तर तो पुन्हा एकदा पुसला जातो. आणि 1951 मध्ये ते लिहिलं गेलं म्हणून ते शब्द खोटे होत नाहीत. 1951 मध्ये मोंदीने होत्याच, डास होतेच, काठीवाला मुकादमही होताच. ज्यांच्या स्पर्धेसाठी ते लिहिले त्या बायका त्याच आठवड्यात पाण्यात उभ्या होत्या. त्या बायकांना ते शब्द आपले वाटले आणि पुढे मोंदीनेंच्या गानवृंदांनी ते गायले. 1906 चा शिक्का मारला नाही तर त्याची किंमत कमी होते, असं पोस्टवाल्याला का वाटावं?

राहिला फोटो. ती दाफ्फिनीबाई नव्हे. ती मोंदीनाही नव्हे. ती सिल्व्हाना मांगानो, जुझेप्पे दे सांतिस यांच्या 1949 च्या 'रीझो आमारो' या चित्रपटातली नायिका, आणि तेव्हा तिचं वय होतं एकोणीस. त्या साली दाफ्फिनीबाई पस्तिशीच्या होत्या, आणि बहुधा कुठल्या तरी लग्नात, नवऱ्याच्या व्हायोलिनबरोबर, पाहुणे नाचून दमेपर्यंत गात होत्या.